तिच्या नावावरच्या पाच

“पुन्हा सांग! तिसरी रायफल कशासाठी?”

भरलेलं ताट पुढ्यात तसंच ठेवून नवरा तिची उलटतपासणी घेत होता. चमचा त्याने असा उगारला होता, जणू समोर बायको नसून वर्गातली ढ मुलगी बसली आहे!

“तिसरी… गुडघ्यावर बसून मारायची,” ती म्हणाली.

“चुकलीस! ती दुसरी! तिसरी लांबच्या पल्ल्याची, वारा असताना वापरायची. किती वेळा सांगू? उद्या ती परवाना अधिकारी बाई घरी येणार, तुला एकटीला खोलीत बसवून विचारणार, आणि तू अशी ततपप करणार! मला तोंडावर पाडायचं ठरवलंयस का तू?”

ती मनातल्या मनात मोजू लागली. वाऱ्यासाठी वेगळी, बिनवाऱ्यासाठी वेगळी, उभ्याने एक, निजून एक… उद्या शिंक आली असताना चालवायची म्हणूनही या माणसाने एखादी आणली असती आणि नेमबाजी क्लबातल्या त्याच्या मित्रांनी “वा, ही तर हवीच!” म्हणून माना डोलावल्या असत्या! एकेकाचं पोट टेबलाला टेकलेलं, धापा टाकल्याशिवाय जिना चढता येत नाही, आणि गप्पा मात्र थंड डोक्याच्या आणि स्थिर हाताच्या. साऱ्या आयुष्यात नवऱ्याने एक चषक जिंकला होता, तोही दोन तगडे स्पर्धक आजारी पडले म्हणून. त्या एका चषकाच्या जोरावर घरात दहा बंदुका आल्या होत्या, आणि घरातली सगळ्यात मोठी, सगळ्यात उजेडाची खोली त्यांना मिळाली होती. एके काळी त्या खोलीत तिचा पियानो होता.

पियानो जुळवणं हा तिचा धंदा होता. शाळा, सभागृहं, श्रीमंतांचे दिवाणखाने… कुठेही पियानो बेसूर झाला की लोक म्हणत, सूरताईंना बोलवा! एकाच स्वराच्या शेजारच्या दोन तारा एकत्र वाजल्या की त्यांच्यामध्ये जी बारीकशी थरथर उरते ती तिला ऐकू यायची. हातातली किल्ली केसभर फिरवायची की थरथर विरून जाई, दोन तारांचा एकच स्वर होई, आणि त्या क्षणी तिच्या अंतःकरणात असं काही निर्मळ उमलून येई की त्यापुढे संसारातले सगळे अपमान तिला क्षुल्लक वाटत!

सहा वर्षांपूर्वी तिने ते काम सोडलं. “कंटाळा आला,” एवढंच घरी सांगितलं. “बरं झालं,” नवरा म्हणाला होता, आणि पियानो विकून त्या जागी बंदुकांचं कपाट आणलं होतं.

आता सरकारने नवं धोरण आणलं होतं आणि नवऱ्याची झोप उडाली होती. पूर्वी माणशी पाच बंदुकांची मुभा होती. आता मोजणी माणसाची नव्हती, घराची होती. घरात दोनच ठेवल्या तर दहा वर्षांचा परवाना, पुन्हा कोणी दारात येणार नाही. तिसरीपासून मात्र दरसाल नूतनीकरण, घराची तपासणी, परवानाधारकाच्या डोळ्यांची आणि कानांची परीक्षा, शिवाय घरच्या पत्त्यावर नोंद असलेल्या प्रत्येक सज्ञान माणसाशी अधिकाऱ्याचं एकट्याने बोलणं. जास्तीच्या बंदुका ज्याच्या नावावर असतील त्याने नुसती सही करायची, सरकार वाजवी किंमत देऊन घेऊन जाणार. कोणाला बंदी नाही की सक्ती नाही. फक्त हाव धरायची तर तिचा त्रासही दरवर्षी सोसायचा! क्लबात याला जुलूम म्हणत होते.

“आणि हो, उद्या ती पण येणार आहे,” नवरा घास घेत म्हणाला. “तिचा पत्ता अजून इथलाच आहे ना! तिला म्हणावं, बापाविरुद्ध बोलू नकोस.”

ती! त्यांची लेक… हातातली पोळी तिने खाली ठेवली. सहा वर्षांत लेक या घरात जेवली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी लेक आली ती बाहेरच्या खोलीतल्या खुर्चीच्या कडेला टेकली, अंगातला कोटही न काढता. आईने पाणी पुढे केलं, तिने घेतलं नाही.

“तुझं काम बरं चाललंय ना?” आईने विचारलं.

“चाललंय. तुझं? या महिन्याच्या गोळ्या झाडून झाल्या का?”

त्या शब्दांतला तिरस्कार आईच्या काळजात खोल रुतला, पण ती फक्त हसली. पोरीची काय चूक? ती अठरा वर्षांची झाली त्याच आठवड्यात बापाने तिच्यापुढे परवान्याचा अर्ज ठेवला होता. त्याच्या नावावरच्या पाच भरल्या होत्या, आणखी पाच आणायच्या होत्या, आणि त्यासाठी घरात दुसरं सज्ञान नाव हवं होतं. आई कामासाठी कान जपायची, गोळीबाराच्या रेंजवर फिरकायचीही नाही, म्हणून त्याने पोरीला धरलं होतं. “मी सही करणार नाही!” पोर म्हणाली होती. “मग शिकायला बाहेर जाण्याचं विसर,” बाप म्हणाला होता. घरात रडारड, आदळआपट… आणि शेवटी पोर मैत्रिणीकडे निघून गेली होती. आठवड्याने सामान न्यायला परतली तेव्हा बाप काही न बोलता तिच्या फीची सोय करून मोकळा झाला होता, आणि आई पाच रायफलींची परवानाधारक नेमबाज होऊन बसली होती! पोरीने एवढंच पाहिलं. “तूही त्यांच्यातलीच निघालीस,” म्हणाली आणि दार आपटून गेली.

अधिकारी बाई आल्या. मध्यम वयाच्या, पायात साधे बूट, हातात एक पेटी. नवऱ्याने त्यांना खोली अशा थाटात दाखवली जशी देवघर दाखवावं. बाईंनी दहाही बंदुका मोजल्या, कुलपं ओढून पाहिली, एका शब्दाने कौतुक केलं नाही. मग सूरताईला घेऊन आतल्या खोलीत बसल्या आणि पेटी उघडली. आत कान तपासायचं यंत्र होतं.

“आवाज आला की हे बटण दाबा.”

उजव्या कानात आवाज आले. बारीक, अतिबारीक, दूरवरच्या किड्यासारखे, आणि तिने प्रत्येकाला बटण दाबलं. बाईंच्या भुवया कौतुकाने वर गेल्या. मग डावा कान. ती बटणावर बोट ठेवून बसून राहिली… बसूनच राहिली. बाईंनी आवाज वाढवला, पुन्हा वाढवला.

“कधीपासून?” बाईंनी यंत्र बंद करून हळूच विचारलं.

आणि ज्या प्रश्नाची तिने नवऱ्याकडून, लेकीकडून इतकी वर्षं वाट पाहिली तो एका परक्या बाईने विचारला म्हणून की काय, तिच्या डोळ्यांना धार लागली!

सगळं बाहेर आलं, लेकीच्या फीसाठी तिच्या जागी आपण सही केली तिथपासून. ज्याच्या नावावर बंदूक त्यानेच ती दर महिन्याला रेंजवर चालवायची असा जुना नियम. म्हणून ती दर महिन्याला पाचही घेऊन जायची. नवऱ्याने स्वतःसाठी कानांवर चढवायचे नवे इअरमफ आणले होते आणि जुने तिला दिले होते. “अजून चांगले आहेत की!” डाव्या बाजूची गादी फाटलेली. पहिल्या महिन्यात कान गुणगुणायला लागला तेव्हा तिने त्याला सांगितलंही होतं. “सवय होईल,” तो म्हणाला होता. मग एका शाळेच्या संगीत शिक्षिकेचा फोन आला… ताई, वरचे स्वर थोडे उतरल्यासारखे वाटतात हो! ती धावत गेली. किल्ली फिरवली, पुन्हा फिरवली. डाव्या कानातल्या त्या गुणगुणीत तारांमधली थरथर तिला ऐकू येईना! कोणी बोट दाखवायच्या आत तिने काम सोडलं. ज्या हातांवर लोकांनी विश्वास टाकला त्यांनी बेसूर पियानो ठेवून पैसे घ्यायचे?

“आणि घरात कोणाला…”

“नाही. लेकीला कळलं असतं तर ती शिक्षण सोडून परत आली असती.”

बाहेर येऊन अधिकारी बाई नवऱ्यासमोर उभ्या राहिल्या. “तुमच्या पत्नीच्या परवान्याचं नूतनीकरण होणार नाही. त्यांचा डावा कान गेलेला आहे. गोळीबारानेच. लेकीच्या फीसाठी त्यांनी तिच्या जागी सही केली, तेही त्यांनी सांगितलंय. तुम्हाला माहीत नव्हतं?”

नवऱ्याचं तोंड उघडंच राहिलं. लेक खुर्चीवरून ताडकन उठली.

“मग…” तो चाचरत म्हणाला, “मग त्या पाच रायफलींचं काय होणार?”

त्या एका वाक्यात नवऱ्याचा सगळा संसार उघडा पडला होता! अधिकारी बाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं की दुसरा कोणी असता तर जमिनीत गेला असता. याला मात्र उत्तर हवं होतं.

“ते तुम्ही ठरवायचं नाही,” बाई म्हणाल्या. “त्या त्यांच्या नावावर आहेत.”

तो हसला. खरंच हसला! “अहो, ते कागदावर. नावापुरतं. खऱ्या माझ्याच आहेत. त्यात माझी सगळ्यात महागडी रायफलसुद्धा आहे…”

“कागदावर माझ्या आहेत ना?” सूरताई पुढे आली. तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला. “मग सही कुठे करायची ते सांगा, बाई. पाचही घेऊन जा.”

“अगं! वेडी झालीस का? मला विचारल्याशिवाय…”

“तुम्ही मला विचारलं होतंत?”

आणि तिने सही केली. लेकीने आईला घट्ट मिठी मारली आणि ती लहान मुलीसारखी हमसून हमसून रडू लागली.

“आई… माझ्यासाठी? माझ्या जागी तू सही केलीस? आणि मी तुला… मी तुला काय काय बोलले गं! तू एकदा तरी सांगायचंस!”

“सांगितलं असतं तर तू गेली असतीस का?”

“नसते गेले!”

“म्हणून नाही सांगितलं, बाळा.”

सहा वर्षांचं गोठलेलं सगळं दोघींच्या डोळ्यांतून वाहून गेलं. अधिकारी बाई तोंड फिरवून पेटी बंद करत बसल्या. नवरा उजेडाच्या खोलीच्या उंबऱ्यावर उभा होता, आणि त्याच्याकडे पाहायला कोणालाही सवड नव्हती.

दुपारी गाडी येऊन पाच रायफली घेऊन गेली. त्यानंतर तो कितीतरी वेळ त्या खोलीत दार लावून बसला. बाहेर आला तेव्हा डोळे सुजलेले होते.

“मी ठरवलंय,” तो छातीवर हात ठेवून म्हणाला. “माझ्याही पाचही देऊन टाकतो. एकही नको! तुझ्यासाठी मी माझं सर्वस्व…”

“दोन ठेवा,” ती म्हणाली.

“काय?”

“नियम दोनचा आहे, दोन ठेवा. तुमचा छंद आहे, मी कधी नाही म्हटलं नव्हतं. सगळं देऊन मोठेपणा मिळवू नका. तुमचा त्याग मला नको, जन्मभर तो ऐकून घ्यावा लागेल… आणि मला आता एकच कान उरलाय.”

लेकीला रडता रडता हसू फुटलं. नवरा मात्र मान खाली घालून उभा राहिला.

“आणखी एक,” ती म्हणाली. “क्लबात सरकारने नेल्या म्हणून गळा काढू नका. सरकारने काही नेलेलं नाही. बायकोचा कान मी घालवला म्हणून दिल्या, असं सांगा. तुमच्या तोंडाने. सगळ्यांसमोर.”

“सगळ्यांसमोर?” त्याचा चेहरा पांढराफटक पडला. दहा बंदुका देणं सोपं होतं, हे अवघड होतं!

पण तो गेला. रविवारी, अंगात क्लबाचा तो बिल्ल्यांचा कोट न घालता गेला, आणि दिवेलागणीला परत आला. लेक त्या आठवड्यात घरीच राहिली होती. दोघी स्वयंपाकघरात बसल्या होत्या. तो आला आणि खुर्चीत कोसळल्यासारखा बसला.

“सांगितलं,” तो म्हणाला. “उभा राहून सांगितलं. सगळं. फाटक्या गादीचं, तू मला बोलली होतीस त्याचं, मी काय म्हणालो त्याचं… मला बोलवेना गं, तरी बोललो.”

“मग? काय म्हणाले ते?”

त्याने अंगठ्याने टेबलावरचा एक डाग घासला.

“सगळे गप्प होते. मला वाटलं, कोणीतरी तुझी चौकशी करेल. आता कशी आहे, औषधपाणी चालू आहे का… कोणीतरी! मग एकजण खाकरला आणि त्याने विचारलं… दोन कोणत्या ठेवल्यास? आणि मग सगळे त्यावरच बोलायला लागले. ही ठेवायला हवी होती, ती ठेवायला हवी होती…” त्याचा स्वर फाटला. “तुझं नावसुद्धा कोणी घेतलं नाही! माणसं आहेत का ही?”

आणि एवढं बोलून तो एकदम थांबला. त्याने मान वर करून बायकोकडे पाहिलं. त्या नजरेत इतक्या वर्षांत प्रथमच एक प्रश्न होता.

“मीही असाच होतो का गं?”

“हो,” ती म्हणाली.

तो ओंजळीत तोंड लपवून रडू लागला. तिने त्याला रडू दिलं, समजूत घातली नाही, डोळे पुसले नाहीत. बऱ्याच वेळाने तिने आपली खुर्ची त्याच्या जवळ ओढली आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला.