चाळिसावी नळी

"ह्यात बर्फ कुणी घातला?"

आरोग्य केंद्राच्या ओसरीवर संघरत्नाचा आवाज असा चढला, की रांगेतल्या बायका गप्पा मारायच्या थांबल्या. तिच्या हातात उघडा डबा होता, डब्यात रक्ताच्या तीन नळ्या, आणि भोवती... बर्फाच्या पिशव्या!

"मी." एक उंच तरुण पुढे आला. चेहऱ्यावर चक्क शाबासकीची अपेक्षा. "डबा उन्हात होता, मॅडम. लस असती तर वाया गेली असती. म्हटलं—"

"ही लस नाही! रक्तातल्या पेशी जाग्या हव्यात मला. गारठल्या, की क्षयाचा जंतू समोर आला तरी ढिम्म हलत नाहीत त्या."

"मग... आता?"

"आता काय! गेलं सगळं फुकट."

हा धम्मपाल. मुरबाड तालुक्यात पाड्यापाड्यावर क्षयाच्या गोळ्या पोचवणारा आरोग्य कर्मचारी. आणि ती डॉक्टर संघरत्ना, शहापूरची, बारा वर्षं एकाच प्रश्नामागे हात धुऊन लागलेली. लहानपणी ती क्षयाने खोकणाऱ्या आईच्या कुशीत झोपायची. आई गेली, हिला मात्र लागणसुद्धा झाली नाही. का? रोग्याच्या उशापायथ्याशी राहून ठणठणीत राहिलेल्या चाळीस माणसांचं रक्त तिला महिनाअखेरपर्यंत हवं होतं, नाहीतर अभ्यास बंद पडणार होता. अडतीस झाली होती. एकोणचाळिसावी सिद्धगडाखालची भिमीआजी. नवरा आणि दोन मुलगे, तिघांची सेवा करूनही आजी खणखणीत. नेमक्या तिच्याच नळ्या ह्या पठ्ठ्याने गारठवल्या होत्या.

"मी नेतो तुमाला आजीकडं," धम्मपाल खालच्या मानेने म्हणाला. "चूक माझी हाय."

दोन आठवड्यांनी, थंडीच्या एका सकाळी, ती त्याच्या मोटारसायकलवर मागे बसली. वाटभर तिची नजर मांडीवरच्या रिकाम्या डब्यावर होती. तो मात्र प्रत्येक खड्ड्याआधी "सांभाळा हां..." म्हणत होता.

भिमीआजीने दोघांना अंगणात बसवलं आणि सरळ नकार दिला. "एकदा दिला ना गो रगत? आता नाय."

"आजी, चुकलो." धम्मपालने कान पकडले.

"मंग आदी तू दे! गोळ्या खा, थुकी दे, रगत दे, समद्यांना सांगत फिरतोस. तुजा कदी बगितला नाय आमी."

धम्मपालचा चेहरा खर्रकन उतरला. तो संघरत्नाकडे झुकून पुटपुटला, "मॅडम... मला सुईची भीती वाटते."

"तुम्हाला?"

"दुसऱ्याला टोचलेलं बघवतं. स्वतःला... नाय." मग आणखी हळू, "बापाला क्षय होता. दोन वर्षं मीच भरवायचो त्याला. तेव्हाच्या सुया बघून बसलीय भीती."

"आणि तुम्हाला काही झालं नाही?" संघरत्ना ताठ बसली. "मग तुम्ही माझे चाळिसावे! हे आज सांगताय?"

"विचारलंत कुठं? भेटल्यापासून भांडताय."

तिला हसू आवरेना. कागदांवर सह्या झाल्या. त्याने डोळे गच्च मिटले. "कायतरी बोला ना, मॅडम. रागवा तरी..."

"नाडी फार पळतेय तुमची."

"ती सुईमुळं नाय."

सुई हातात घेऊन क्षणभर ती थांबलीच. अंगणाच्या कडेला आजी खुदखुदली. "घे गो बाय, माजापन घे. नायतर ह्यो हितंच आडवा हुयाचा."

परत येताना म्हशाची जत्रा आडवी आली. रस्ताभर बैल, गाड्या, घोंगड्या. मुरबाडला मुंबईची गाडी थांबलेली, आणि रक्त चार तासांत प्रयोगशाळेत पोचायला हवं. धम्मपाल खाली उतरला आणि मोटारसायकल ढकलत, एकेक बैल हाताने बाजूला सारत ओरडू लागला, "हटा रे! रगत हाय, जितं रगत!" धुळीने माखलेला, घसा बसलेला. मांडीवरचा डबा शालीत धरून संघरत्ना त्याच्याकडे बघत राहिली. हा माणूस तिला आवडला होता. तिने स्वतःशी ते सरळ कबूल करून टाकलं.

मुरबाडला तिने यादी उघडली. भिमीआजीच्या नळ्या गाडीत ठेवल्या. चाळिसावी नळी हातात घेतली... आणि यादीतल्या धम्मपालच्या नावावर रेघ ओढली.

"का? गार पडलं?"

"नियम आहे. संशोधकाच्या घरच्यांचं रक्त अभ्यासात चालत नाही."

"मी कुठं तुमच्या घरचा?"

"नाही..." तिने नजर वर केली. कानशिलं तापली होती, पण आवाज हलला नाही. "पण व्हावं असं मला वाटतं. मग वहीत खोटं कशाला लिहू?"

गाडी निघून गेली. धम्मपालने यादीतलं रेघ ओढलेलं नाव पुन्हा वाचलं.

"एक कमी पडलं की," तो म्हणाला. "बारा वर्षांचं काम तुमचं!"

"नऊ दिवस आहेत. शोधू."

"कसाऱ्याच्या वर एका पाड्यात देवजी म्हणून म्हातारा हाय. बायको क्षयानं गेली, हा धडधाकट. पण चढ लई हाय..." तो अडखळला, मग हसला. "उद्या सातला निघू, संघरत्ना."