अवो, टोपी

राहात्याच्या घरी लाइट गेली की सुमंतकाकांना, माझ्या थोरल्या चुलतसासऱ्यांना, वाचा फुटते. परवा जेवणानंतर तसंच झालं. नणंद अनन्या मला चिकटून बसली. माझा नवरा सुश्रुत धीट असल्यासारखा बसला.

"खोटं वाटलं तर पाथर्डीला जाऊन विचारा," काका म्हणाले. "गोरक्ष मास्तर, माझ्याबरोबर शाळेवर होता. गेल्या तेरा डिसेंबरची, शनिवारची गोष्ट."

मास्तरकडे मुठीएवढा जुना रोलचा कॅमेरा होता. भारी हट्टी. काचेतून बघितलं की मधल्या पिवळ्या चौकोनात प्रत्येक वस्तू दोनदा दिसायची. भिंगाभोवतीचं कडं फिरवून दोन्ही एकमेकींवर बसवायच्या, तेव्हा फोटो स्पष्ट. तोवर समोरचं माणूस उठून जायचं. शिवाय बघायची काच वेगळी, फोटोचं भिंग वेगळं. भिंगावर झाकण राहिलं तरी बघणाऱ्याला सगळं लख्ख दिसतं.

त्या झाकणाला त्याची बायको दिपाली टोपी म्हणायची. "अवो, टोपी. सोताच्या डोक्यावर एक न्हाई, अन् त्याची काढवत न्हाई."

मोबाईल धरला की ती पदरात तोंड लपवायची. या कॅमेऱ्यापुढं मात्र बसायची. तो जुळवेपर्यंत हसायला वेळ मिळतो म्हणून.

श्रावणात ती गेली. रोलमध्ये तिचे अठ्ठावीस फोटो, न धुतलेले. घरात दुसरा एकही धड नव्हता. रोलमध्ये अजून आठ फोटो काढायचे उरले होते. रोल तसाच गुंडाळता आला असता, पण मास्तर माणूस. वाया घालवणं जिवावर आलं. पुण्याला धुवायला न्यायच्या आधी संपवू म्हणून साडेपाचला बाहेर पडला.

वस्ती ऊसतोडीला गेलेली. दारोदार कुलपं. मास्तरनं कुलपांचेच फोटो काढले. सात झाले. दिवस मावळला.

आठवं दार. पिवळ्या चौकोनात दोन कुलपं. कडं फिरवलं… जुळेनात. पुन्हा फिरवलं…

कानामागं, अगदी जवळ.

"अवो… टोपी."

मास्तरनं बोट पुढं नेलं. भिंगावर झाकण होतं. सातही फोटो झाकणासकट…

"म्हणजे…" अनन्या पुटपुटली.

"थांब."

झाकण खिशात टाकलं. आठवा काढला. मागं बघितलं नाही. भीती होतीच… पण कुणी असेल याची नाही. बघितलं आणि कुणी नसलं तर…

चालू लागला. रस्त्यावर कुत्रंही नाही. कॅमेरा छातीवर. रोल संपलेला.

टिक.

मास्तर थांबला… मग चालत राहिला. हळू. कुणाला गाठता यावं इतका हळू.



"त्या काकूंचे फोटो आले?" सुश्रुतनं विचारलं. त्याचा आवाज जरा बारीक झाला होता, हे मी त्याला नंतर सांगितलं नाही.

"आले. अठ्ठावीसही. जरा अंधुक. तेव्हा टोपीची आठवण करायला ती होती ना. पुढचे सात काळे. मग एक कुलूप." काकांनी घसा खाकरला. "रोल छत्तीसचा. शेवटाला कधीकधी एखादा जास्तीचा निघतो. तसा सदतिसावा निघाला."

काका जरा पुढं सरकले.

"अंधारातला रस्ता. त्यावर मास्तर. पाठमोरा, चाललेला. आता छातीवरच्या कॅमेऱ्याला पुढचा रस्ता दिसेल, का मालकाची पाठ?… मानेवरचा पट्टा दिसतो त्यात. पट्ट्याची शिवणसुद्धा. इतका नेमका फोटो मास्तरला कधीच जमला नव्हता."