एकच नाव दोनदा

चूक निकिताचीच होती, आणि ती सापडली म्हणून तिला हायसंच वाटलं. त्र्यंबकेश्वरच्या एका गुरुजींकडे श्राद्धांची रोजची यादी तिच्या पायथॉनच्या कोडमधून निघायची. त्या सकाळी यादीत प्रत्येकाचं नाव दोनदा आलं. ‘करणारा’पुढे जे नाव, तेच ‘मृत’पुढे! नावं भरणाऱ्या क्वेरीतल्या दोन्ही जागांना तिने घाईत एकच पॅरामीटर दिलं होतं. मग एकच नाव दोन्हीकडे जाऊन बसणार, दुसरं काय? द्वारका चौकातल्या ऑफिसात बसून तिने दोन वेगळी पॅरामीटरं केली आणि यादी पुन्हा काढली.

सगळ्या ओळी सुधारल्या. एक राहिली.

करणारा : खंडेराव. मृत : खंडेराव.

खंडेराव म्हणजे तिचे पप्पा. मखमलाबादला त्यांचा झेंडूचा मळा. आज ते आपल्या वडिलांचं, भिमाजींचं, श्राद्ध करायला मोटरसायकलवर त्र्यंबकला निघाले होते.

निकिताच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. या कोडला हात लावणारा दुसरा माणूस एकच, शेजारच्या खुर्चीतला योगेश.

“ही कसली मस्करी रे?”

“मी काय केलं?” तो उठून आला. स्क्रीन बघून त्याचं हसू मावळलं. “काय व्हॅल्यू जातेय, प्रिंट करून बघ ना.”

जात होतं ‘भिमाजी’च. यादीत पडत होतं ‘खंडेराव’. तरी तिचा विश्वास बसेना. तिने योगेशला त्याचा लॅपटॉप मिटायला लावला, हात समोर ठेवायला सांगितले आणि पुन्हा एंटर दाबलं.

मृत : खंडेराव.

तिने फोन लावला.

“पप्पा, कुठे आहात?”

“अंजनेरीच्या फाट्यावर. चहा घेतोय. काय गं?”

“पुढे जाऊ नका... मागे फिरा.”

“अगं, गुरुजी थांबलेत. असं काय करून ऱ्हायली?”

“माझी शपथ आहे तुम्हाला.”

“बरं बाई... फिरतो माघारी.” मोटरसायकल सुरू झाली आणि फोन बंद झाला.

आता तरी ओळ सुधारली असेल, अशा वेड्या आशेने तिने यादी पुन्हा काढली. ओळ खरंच बदलली होती. पण ‘मृत’पुढचं नाव तेच होतं. बदललं होतं ते त्याच्या आधीचं.

करणारी : निकिता.

ती त्यांची एकुलती एक लेक. एका हाताने तिने पुन्हा पप्पांना फोन लावला. रिंग जात राहिली, कोणी उचलेना.

“निकिता...” योगेश अगदी हळू म्हणाला, “बायका श्राद्ध कुठे करतात, म्हणून तू ‘करणारा’च लिहिलं होतंस ना?”

तिने मान डोलावली. दुसऱ्या हाताने ती कोडभर ‘करणारी’ हा शब्द शोधत होती. तो कुठेच नव्हता.