पिवळ्या चौकोनातली लिडिया

श्रीरामपूरला मी गेलो होतो, ते शाळेच्या ओळखपत्रासाठी फोटो काढायला. मी चित्रकलेचा शिक्षक, गिदोन माझं नाव. डॅनीकाकांच्या स्टुडिओत आता गिऱ्हाईक फारसं नसतं. काचेच्या कपाटात एक जुना जपानी कॅमेरा दिसला. हातात घेतला, तर चांगलाच जड होता.

“चालतो का, काका?”

“चालतो की. घेऊन जा. माझे डोळे आता साथ देत न्हाईत.”

रोल कसा भरायचा, तेही त्यांनीच शिकवलं. मग म्हणाले, “याला रेंजफाइंडर म्हनतात. खिडकीतून बघ. मधोमध पिवळा चौकोन हाय ना? त्यात मानूस दोनदा दिसतो. एक खरा, एक फिका. ही भिंगाभवतीची कडी फिरवत ऱ्हायची. लग्नात चर्चमधले पाळक सांगतात तसं, दोघं एक झाले, की बटन दाबायचं. अन् मानूस किती लांब हाय, ते कडीवरच्या आकड्यात वाचायचं. डोळा फसंल, कडी न्हाई फसत.”

पहिला रोल लिडियावर संपवायचा, हे मी परतीच्या एसटीतच ठरवलं होतं. लिडिया माझी बायको. इस्पितळात नर्स आहे. स्वयंपाक करताना ती उपासनेतली गीतं गुणगुणते. त्या आवाजावरून घरात ती कुठे आहे ते मला कळतं.

रविवारी उपासना आटोपून आम्ही राहुरीकडे, मुळा धरणाच्या फुगवट्यावर गेलो. जानेवारीतली दुपार, पण आभाळ राखेसारखं. पाणी ओसरलं होतं. काठावर भेगाळलेला चिखल, वेड्या बाभळी, कुजलेल्या शेवाळाचा वास. लांब एक मासेमार थर्माकोलच्या तराफ्यावर बसून जाळं सोडवत होता. लिडिया त्याच्याशी दोन शब्द बोलून आली. वाल्मिक त्याचं नाव, असं तिनेच मला सांगितलं. मग तिने पर्स माझ्या खांद्याला अडकवली आणि पाण्याजवळच्या खडकावर जाऊन उभी राहिली.

“लवकर काढ रे. गार वारं सुटलंय.”

मी खिडकीला डोळा लावला. पिवळ्या चौकोनात दोन लिडिया दिसल्या. कडी फिरवली. खडक जुळला, बाभूळ जुळली, पाण्याची कडसुद्धा जुळली. लिडिया जुळेना. फिकी लिडिया खऱ्या लिडियाच्या बाजूला तशीच उभी होती.

मला वाटलं, नवखा हात, चुकत असेल. कडी उलटी फिरवली. फिकी हळूहळू सरकू लागली. वारा पडला होता. लिडियाचे केस स्थिर होते, पण फिकीचे... फिकीचे केस गालांना चिकटलेले होते. ओले.

“लिडिया, जरा हल ना...”

खऱ्या लिडियाने हात वर केला. फिकीने नाही केला.

तेव्हाच कॅमेरा खाली ठेवायला हवा होता. पण बोट कडी फिरवतच राहिलं. खडक फुटून दोन झाला, बाभूळ दोन झाली, सगळा काठ धूसर दुहेरी झाला. आणि कडी शेवटाला येऊन अडली, तेव्हा त्या दोघी एकमेकींत बसल्या. अगदी नीट. एक लिडिया.

मी बटण दाबलं. बारीकसा आवाज झाला. मग कडीवर नजर गेली. आकडा होता एक मीटर.

मी कॅमेरा डोळ्यावरून काढला. लिडिया माझ्यासमोर उभी होती. हाताच्या अंतरावर. मागे खडक मोकळा.

“झालं?” ती म्हणाली. “चल, घरी जाऊ.”

ती इतक्या झटकन कशी आली, हे विचारायच्या आत ती वळून रस्त्याकडे चालू लागली होती. मोटारसायकलवर तिने मागून कंबरेला हात घातला, आणि तो गारवा स्वेटरमधून आत उतरला.

घरी सगळं रोजच्यासारखंच चाललं. ती ड्युटीवर जाई, भाकरी थापी, माझ्या शेजारी झोपे. फक्त गुणगुणणं थांबलं. स्वयंपाकघरात नळाचा आवाज तेवढा येई, बराच वेळ येत राही. सकाळी तिची उशी ओली असे. विचारलं तर म्हणे, “थंडीत केस वाळत नाहीत रे.” तिने केस धुतलेले मी पाहिले नव्हते.

डॅनीकाकांनी रोल धुऊन फोटो छापले आणि मला बोलावून घेतलं. एक फोटो त्यांनी माझ्यापुढे सरकवला.

“फोकस लई जवळ ठेवलास, बघ. समोर कुनीच न्हाई, अन् बाई मागंच ऱ्हायली.”

फोटोत समोरची जागा रिकामी होती. मागे, धुरकट काठावर, खडकावर लिडिया उभी होती. दोन्ही हात वर करून. पोज देताना कुणी असे हात करत नाही. जाणाऱ्याला थांबवताना करतात.

फोटो खिशात घालून मी घरी आलो. आत नळ चालू होता. मी बाहेरच्या खोलीत बसलो, तेवढ्यात मोबाईल वाजला. नंबर अनोळखी होता.

“सायेब, वाल्मिक बोलतोय, धरनावरनं. तुमची बाई हितं खडकावर बसलीया. पार भिजलीया, काकडतीया. नंबर तिनंच सांगितला. घ्या, बोला...”

वाऱ्याचा आवाज आला. मग थरथरत, दातावर दात आपटत, माझ्या लिडियाचा आवाज.

“गिदोन... मी हाका मारत होते. तू कुणाला घेऊन गेलास?”

स्वयंपाकघरातला नळ बंद झाला.

मी वर पाहिलं. ती दारात उभी होती. हात पुसत नव्हती. बोटांवरून पाणी फरशीवर गळत होतं.

“थांबेल ती तिथे,” ती म्हणाली. “तू आधी जेवून घे.”