निशाण्याशेजारचा माणूस

रविवारची प्रार्थना आटोपली की गावातल्या प्रत्येक पुरुषानं कुरणात जाऊन धनुष्य ओढायचं, हा राजाचा कायदा. मातीच्या निशाण्याशेजारी एक माणूस उभा राहतो. लांबून नजर पुरत नाही, म्हणून तो ओरडून सांगतो, "बसला!" नाहीतर "आखूड!" त्याच्या शब्दावर कुणी शंका घेत नाही. पूर्वी हे काम माझे वडील करायचे, आता मी करतो.

टाउटनची लढाई यॉर्कवाल्यांनी कशी मारली, असं पोरं विचारतात. वाऱ्यानं, मी सांगतो. वारा आमच्या तोंडावर होता. आमचे बाण आखूड पडले, ते उचलून त्यांनी आमच्यावरच सोडले. यात खोटं काही नाही. बाकीचं मी सांगत नाही.

तो झावळ्यांचा रविवार होता, ईस्टरच्या आधीचा. यॉर्कवाल्यांविरुद्ध, लँकेस्टरच्या बाजूनं मी आणि धाकटा भाऊ एलिस शेजारी शेजारी उभे होतो. त्याला परत आणीन, असा शब्द मी आईला दिला होता. तिनं त्याच्या बाणांना पिसांखाली लाल लोकर गुंडाळली होती. बर्फ असं पडत होतं की समोर पांढऱ्याशिवाय काही दिसेना. बोटं बधिर झाली होती.

"दादा, ओरडत कसं कुणी नाही? लागलं की माणूस बोंबलतो ना?"

मलाही तीच शंका आली. थांब म्हणणार, तेवढ्यात बर्फातून घोगरा आवाज आला, आमच्याच गावच्या हेलातला.

"बसला!"

एलिस हसला. "अगदी आपले बाबा रे!"

बाबा केव्हाच वारले होते, आणि त्यांचा आवाज असा नव्हता. पण सवय ती सवय. आम्ही भाते रिकामे केले.

मग बाण उलटे आले. एलिसच्या गळ्यात रुतला त्याला लाल लोकर होती. मला रडू आलं नाही. आजवर आलेलं नाही.

यंदा झावळ्यांच्या रविवारी नेमबाजी चालू असतानाच बर्फ सुरू झालं. सगळे घराकडे पळाले.

"मामा, चला आता," जावई रँडल म्हणाला. "घसा बघा केवढा घोगरा झालाय तुमचा!"

"हो पुढं. मातीतले बाण काढतो नि येतोच."

तो गेला. मी निशाण्याकडे वळलो, तर मागं सूं झालं. निशाण्याच्या बराच अलीकडे एक बाण पडला होता. कोण गाढव अजून सोडतंय म्हणून मी तो उचलला.

पिसांखाली लाल लोकर होती, कोरी करकरीत.

बर्फापलीकडून कोवळा आवाज आला. "दादा, ओरडत कसं कुणी नाही?"

एकच शब्द हवा होता. आखूड. मी छातीभर श्वास घेतला आणि ओरडलो, पण तोंडून निघालं ते,

"बसला!"

पलीकडे कुणीतरी हसलं.

मग माझ्या पायाशी बाण पडू लागले.