उसनं धुराडं

"हलू नका… तुमच्या बाहीवर माझा कंदील आहे."

तो माझ्याशी बोलला ते हे पहिलं वाक्य. मी जागच्या जागी थिजले. त्याने चिमट्याने माझ्या बाहीवरून मोहरीएवढा लाल दिवा उचलला आणि गार्डाच्या इवल्याशा डब्यामागे पुन्हा चिकटवला. तोवर माझा श्वास कुठे हरवला होता, कोण जाणे.

मी चष्म्याच्या दुकानात काम करते. लोकांच्या डोळ्यांत बघणं हा माझा रोजचा धंदा, पण असं बावचळायला कधी झालं नव्हतं.

छोट्या आगगाड्यांच्या वेडाने झपाटलेल्या मंडळींची ती खोली. मधल्या लांबलचक टेबलावर रूळ, बोगदे, सिग्नल, सगळा संसार मांडलेला. बाबा वाफेच्या इंजिनाचे निवृत्त ड्रायव्हर. त्यांना सोडायला म्हणून मी दर रविवारी तिथे जाऊ लागले. बाबांना रस्ता तोंडपाठ होता, ही गोष्ट वेगळी.

तो घड्याळं दुरुस्त करायचा. लहानपणी त्याची चावीची गाडी पलंगाखालून धावायची आणि आई केर काढायला आली की हमखास रुळांवरून घसरायची.

"तेव्हापासून मला झाडूची धास्ती आहे," तो म्हणाला. "कुणीतरी भेटायला हवं…"

"घर झाडायला?"

"छे! झाडू लपवायला."

मी खिडकीबाहेर बघत हसू दाबलं. ते त्याला दिसलंच.

आणि मग तो रविवार आला. बाबांनी चौदा महिने खपून, स्वतः चालवलेलं इंजिन हुबेहूब बनवलं होतं. पुढच्या रविवारी प्रदर्शनात ते धावणार होतं. सगळे भोवती जमले. बाबांनी मात्र त्यालाच विचारलं, "कसं झालंय?"

त्याने भिंग लावलं. बराच वेळ बघत राहिला.

"सगळं अचूक आहे, काका. फक्त धुराडं… या इंजिनाचं आखूड होतं. हे उंच धुराडं दुसऱ्या जातीच्या इंजिनाचं आहे."

या मंडळींना एक वेळ चोर म्हटलेलं चालतं, पण धुराडं चुकलंय असं कुणी तोंडावर म्हणत नाही. बाबांनी इंजिन फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवलं. घरी येऊन डबा कपाटावर टाकला.

"स्वतःचं इंजिनही आठवेना आता. प्रदर्शनातून माझं नाव कमी करायला सांग," एवढंच म्हणाले. त्या दिवसापासून त्यांनी रंगाच्या ब्रशाला हात लावला नाही.

सोमवारी मी तडक त्याच्या दुकानात गेले.

"बाबांना एकदा म्हणा, माझीच चूक झाली. काय बिघडेल?"

"काकांना खोटं लगेच कळेल."

"माझ्यासाठी म्हणा."

त्याने हातातलं घड्याळ खाली ठेवलं. "तुमच्यासाठीच तर ते म्हणत नाहीये. खोटं बोलून तुमच्या घरात आलो, तर पुढे… कुठल्या तोंडाने काही मागू?"

माझं काळीज लक्कन हललं. पण राग त्याहून मोठा होता.

"मागूच नका," म्हणून मी निघून आले. मला तो हवा होता आणि त्याचं तोंडही बघायचं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मुद्दाम त्याच्या दुकानावरून गेले, तर कुलूप. तिसऱ्या दिवशीही कुलूप.

प्रदर्शनाच्या सकाळी तो दारात उभा होता. दाढी वाढलेली, बाह्या धुळीने माखलेल्या.

"काका, मी चुकलो."

माझ्या हट्टापायी हा खोटं बोलायला आला… आणि बाबांना ते कळणार! बाबा त्याच्याकडे रोखून बघत होते.

त्याने खिशातून एक कागद काढून टेबलावर पसरला. इंजिनांच्या जुन्या शेडमधल्या दुरुस्तीच्या रजिस्टरची ती नक्कल होती.

"मूळ धुराड्याला तडा गेला होता. दुरुस्ती होईपर्यंत दुसऱ्या इंजिनाचं उसनं बसवलं होतं. फक्त एकोणीस दिवस."

बाबांचं बोट तारखेवर थांबलं.

"याच दिवसांत मी कोळसा टाकायचं सोडून ड्रायव्हर झालो," ते सावकाश म्हणाले. "पहिली फेरी संपवून खाली उतरलो आणि इंजिनाकडे नुसता बघत राहिलो. तेच डोळ्यांत राहिलं बघ."

त्यांनी चष्मा काढून पुसला. मग त्याच्याकडे बघितलं.

"एका धुराड्यासाठी इतके दिवस दुकान बंद ठेवलंस?"

"धुराड्यासाठी नाही, काका."

त्याने माझ्याकडे बघितलं. माझे कान तापले. बाबांनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि कपाटावरचा डबा खाली काढला.

प्रदर्शनात इंजिन रुळावर ठेवून बाबांनी वेगाचं बटण त्याच्या हाती दिलं. "तूच सोड. सावकाश. झटका बसता कामा नये, मागे डबे जोडलेले असतात." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "आणि तू बघत काय राहिलीस? त्याचा हात कापतोय. धर."

मी धरला. इंजिन जराही हिसका न देता निघालं, उंच धुराडं मिरवत बोगद्यात शिरलं.

"त्या दिवशी… काय मागायचं होतं?" मी हळूच विचारलं.

त्याची नजर रुळांवरच होती. बोटं मात्र माझ्या बोटांत घट्ट.

"हेच," तो म्हणाला. "हलू नका."