सव्वाअकराचं झाकण

"याला कुणी हात लावला होता?"

मशीनखालून आवाज आला. आधी बूट दिसले, मग तेलानं माखलेली बाही, आणि मग तो. माझ्या हातून दोऱ्याचं रीळ निसटलं आणि गडगडत थेट त्याच्याच बुटापाशी गेलं. त्यानं ते उचलून दिलं, एकदाच वर पाहिलं… बास, तेवढंच!

मावशीच्या भरतकामाच्या कारखान्यात ते मशीन नवंच आलेलं. पहिल्याच आठवड्यात अडलं, म्हणून कंपनीनं याला पाठवलं होतं.

"आत छोटासा कॉम्प्युटर आहे. त्याची ऑपरेटिंग सिस्टीम मी लिहिलीय," तो म्हणाला. "गाणी नाहीत, चित्रं नाहीत. सुई आणि दोरा, एवढंच तिचं जग."

"बिचारी!"

"सुखी आहे ती. फक्त उत्तर वेळेवर द्यावं लागतं. सुई वर असतानाच कापड सरकायला हवं. हुकूम बरोबर असला, पण क्षणभर उशिरा आला… की सुई मोडलीच."

अर्ध्या तासात मशीन सुरू झालं, आणि मला चक्क वाईट वाटलं. शहाण्या मुलीला असं होतं का?

पुढच्या मंगळवारी, सव्वाअकराला, मी सुईवरचं झाकण हळूच उचललं. मशीन थांबलं, लाल दिवा लागला; झाकण परत लावलं तरी दिवा तसाच. "मावशी, पुन्हा बिघडलं गं!"

तो आला. वायर जोडून त्यानं काहीतरी वाचलं, गालातल्या गालात हसला. "धूळ असेल," म्हणाला आणि फडका फिरवला.

असे पाच मंगळवार गेले. "मशीन आहे की जावई? सारखं रुसतंय!" मावशी कुरकुरायची. मी त्याला चिडवायचे, आणि तो प्रत्येक उत्तराआधी इतका विचार करायचा की तेवढ्यात माझं अर्धं फूल भरून व्हायचं.

सहाव्या मंगळवारी मी झाकणाला हातही लावला नव्हता, तरी तो आला.

"नवी सिस्टीम घातलीय," मशीन सुरू करून तो म्हणाला. "आता बिघाड ऑफिसातूनच दुरुस्त होतील. मला… यावं लागणार नाही."

"बरं झालं," मी म्हटलं. खोटारडी कुठची!

त्यानं खिशातून घडी घातलेला कागद काढला. "झालं-गेलं सगळं सिस्टीम लिहून ठेवते. जुनी पुसण्याआधी छापून घेतलं."

मंगळवार, सव्वाअकरा. झाकण उघडलं. पुढचा मंगळवार, सव्वाअकरा. झाकण उघडलं. पाच ओळी, आणि बिघाड एकही नाही! धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला.

"म्हणजे तुम्हाला… पहिल्यापासून माहीत होतं?"

"पहिल्या झाकणापासून."

"मग ती धूळ?"

"नव्हतीच."

"मग बोलला का नाहीत?"

त्याचं बोट त्या पाच ओळींवरून फिरत राहिलं. मला हसू येत होतं, रागही येत होता, आणि डोळे भरून आले होते.

"उत्तर बरोबर असेलही," मी म्हटलं, "पण उशिरा आलं तर…"

"तू आवडतेस मला!" तो इतक्या घाईनं म्हणाला की स्वतःच दचकला. "काम नसलं तरी येऊ?"

मी हात पुढे केला आणि त्याच्या डोळ्यांदेखत झाकण उचललं. मशीन थांबलं.

"आता काय झालं गं?" आतून मावशी ओरडली.

मी तोंड उघडायच्या आत तोच म्हणाला, "धूळ आहे, मावशी!"